करडईच्या तेलातला खवीस

लातूर मागं टाकून औशाच्या रस्त्याला लागलं, की एक चढ लागतो. त्या वर्षी त्या चढाच्या माथ्यावर एवढी गर्दी असायची, की नव्या माणसाला वाटावं पाण्याचा टँकरच आलाय. टँकर कसला! दुष्काळानं विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं सोडून माणसं तिथं एका निंबाखाली हात जोडून उभी. निंबाखाली स्टुलावर इंजनबाबा बसलेले.

बाबांची कफनी भगवी, तिच्याखाली खाकी पँट, चिमट्याच्या जागी हातात भला थोरला पाना आणि गळ्यातल्या रुद्राक्षांमध्ये जुने स्पार्क प्लग ओवलेले. बाबा माणसांचे रोग बरे करत नसत. ते गाड्यांची भुतं काढत. चढ चढता चढता गाडीच्या बॉनेटमधून पांढरा धूर निघायचा. बाबा मंत्र म्हणायचे, अंगारा फुंकायचे, पाना रस्त्यावर आपटायचे, आणि धूर बंद! कुठला पार्ट बदलला नाही, स्क्रू पिळला नाही, तरी गाडी पुन्हा टुणटुणीत. बघणारा तोंडात बोट घालून उभा राहायचा, आणि त्याच हातानं पुढं खिशातलं काढून द्यायचा.

गिऱ्हाईक शोधायचा त्रासही बाबांना नव्हता. ते काम दोन भक्त करत. एक जण चढाच्या मध्यावर गाडीला आडवा होऊन हात हलवायचा. दुसरा फटफटीवरून गाडीच्या बरोबरीनं येऊन खिडकीत तोंड घालायचा. "ओ मामा! धूर! धूर निघायलाय! चाक बी हालायलंय! थांबवा, न्हाईतर भडका उडतोय बघा!" चाक हललेलं नसायचं, पण ड्रायव्हरचं काळीज हलायचं, आणि गाडी तेवढ्यावरच थांबते.

त्या दुपारी अशीच एक भाड्याची अँबॅसडर धापा टाकत वर आली. तिच्या नाकाला हार, आत लग्नाची मंडळी. पुढं ड्रायव्हर मारोती, त्याच्याशेजारी नवरदेव व्यंकट आणि त्याचे वडील शेषेराव. मागं सासूबाई विठाबाई, नवरी तारामती आणि नवरीची मावशी सिंधुबाई. लग्न मुखेडला लागलं होतं, बाकीचं वऱ्हाड टेम्पोनं पुढं गेलं होतं, आणि नवरी पहिल्यांदाच औशाला सासरी निघाली होती. पोरगी एकटी कशी धाडायची म्हणून सिंधुबाई पाठराखीण होऊन आल्या होत्या.

सिंधुबाई मुखेडच्या शाळेत मास्तरीण. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचं पोरगं झोपेतून उठून पाढे म्हणायचं. पण नुकत्याच काविळीतून उठल्या होत्या, आणि डॉक्टरांनी तेलकटाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. भज्यांवर जीव असलेल्या बाईला याच्याएवढी शिक्षा नाही. मघाशी लातूर सोडताना शिवप्पाच्या हॉटेलात सगळ्यांनी कांद्याची गरम भजी हाणली. नवरी लाजून उपाशी राहिली, आणि मावशी आपली नुसत्या वासावर. विठाबाईंनी तर घरच्यांसाठी म्हणून आणखी एक पुडा बांधून मांडीवर घेतला होता. सगळा रस्ताभर तो पुडा सिंधुबाईंच्या नाकाखाली दरवळत होता, आणि त्या खिडकीबाहेरच्या करपलेल्या रानाकडं बघत मन मारून बसल्या होत्या.

आणि आता हा धूर.

सगळे खाली उतरले. इंजनबाबा उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटला कान लावला आणि डोळे फिरवले.

"कार्बोरेटरात करनी! प्लगात पिशाच! डायनामोत डाकीन!"

गर्दी "आई गं" म्हणून एक पाऊल मागं सरकली.

"ह्यो खवीस साधा न्हाई," बाबा गरजले. "ह्यो जुन्या जिल्ह्याचा! जिल्हा फुटला, नवा झाला, समद्या कचेऱ्यांच्या बदल्या झाल्या. ह्याची तेवढी बदली राहून गेली. उस्मानाबादवाले घेईनात, लातूरवाले जागा देईनात. म्हनून रस्त्यावर गाड्या धरून राहिलाय!"

"खरं हाय, खरं हाय," लोक म्हणाले. आपली जीप दाखवायला आलेले एक साहेबही मान हलवू लागले. त्यांचीही बदली कुठंतरी अडली असावी.

"पर खवीस उगंच कुनाला धरत न्हाई." बाबांनी पाना हळूहळू फिरवला आणि तारामतीवर आणून थांबवला. "गाडीत नवं कोन बसलंय? ही! चपला काढ पोरी, जमिनीवर उभी ऱ्हा!"

तारामतीनं चपला काढल्या. भर दुपारचा डांबरी रस्ता. ती मुकाट उभी राहिली.

"पायगुन वंगाळ हाय," बाबांनी निकाल दिला. "ही उंबऱ्यातून आत आली की घराचा धूर निघल. हिरीला पानी ऱ्हानार न्हाई. हितूनच माघारी धाडा माह्यारी. अमुशा होऊन जाऊ द्या, मग बघू. आन हिच्या कानातली सोन्याची फुलं हितं उतरवा, म्हंजी मी त्याला बांधून ठिवतो."

विठाबाईंचा चेहरा उतरला. "मी म्हनतच होते," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एवढ्या लांबची सोयरीक नगं. आधीच हीर कोरडी, वर ही असली सून. दुष्काळात तेरावा महिना!"

"मग काय करावं म्हनतीस?" शेषेरावांनी रस्त्याकडं बघत विचारलं.

"करायचं काय? बाबा सांगायलेत ते करायचं. धाडायचं माघारी."

नवरदेव व्यंकट फेट्याचा शेमला ओढत बसला. कालपर्यंत घोड्यावर बसलेला हा गडी, आता बापाच्या मागं सरकला. तारामती रडत रडत कानातलं फूल चाचपू लागली.

सिंधुबाईंना पुढचं सगळं दिसलं. अंगाची हळद न उतरलेली पोरगी अर्ध्या रस्त्यातून माघारी आली, तर गावात कोण विचारणार होतं की गाडीत बिघाड काय झाला होता? पोरीतच खोट आहे म्हणतील आणि जन्मभर म्हणत राहतील. पुढं पाऊस पडला नाही तरी हीच, म्हैस आटली तरी हीच. बाईंना इतका संताप आला, की बाबाला वर्गातल्यासारखं बाकावर उभं करावं. ओरडण्यासाठी त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

आणि तोंडाला पाणी सुटलं.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. पोरीवर आभाळ कोसळलंय आणि आपल्याला खायचं सुचतंय! पण नाकाला लाज नसते. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. विठाबाईंच्या पुड्याचा वास असावा म्हणून त्या पाऊलभर बाजूला झाल्या. वास कमी झाला नाही, उलट बॉनेटजवळ वाढला. करडईचं तेल, थोडा करपलेला कांदा. धुराला भज्यांचा वास येत होता!

मग त्यांना हॉटेलातला शिवप्पा आठवला. माणसांना मोजून अर्धा गिलास पाणी देत होता. दुसऱ्यांदा मागितलं तर "दुष्काळ हाय बाई" म्हणाला. आणि गाडीसाठी मात्र निघताना स्वतः तांब्या भरून आला, बॉनेट उघडून म्हणाला, "तुमी निवांत बसा, गाडीला पानी मी पाजतो." तेव्हा बाईंना वाटलं होतं, केवढा देवमाणूस!

"बाबा," सिंधुबाईंनी गोड आवाजात विचारलं. शाळेतली पोरं या आवाजाला फार भीत. "खवीस शाकाहारी हाय का वो?"

"आँ?"

"न्हाई, भजी खातो का म्हनून इचारलं."

"थट्टा करू नको बाई! भस्म होशील!"

"मारोती, बॉनेट उघड."

मारोती दोन पावलं मागं गेला. "बाई, माझी लेकरं बारीक हायत." तेवढ्यात गाडीमागून फटफटीवर वर आलेले दोघे भक्त गाडीपुढं छाती काढून उभे राहिले. "हात लावायचा न्हाई! बाबांचं काम चालू हाय!"

"बरं, ऱ्हाऊ द्या." सिंधुबाई वळल्या, विठाबाईंच्या हातातला पुडा उचलला आणि तेलानं निथळणारं चांगलं जाडजूड भजं निवडलं. "इहीणबाई, एक घेते हं." आता ही बाई काविळीत भजं खाते की काय, म्हणून तारामतीसुद्धा रडायची थांबली. पण बाई गेल्या त्या थेट भक्ताच्या फटफटीकडं. फटफटी नुकतीच चढावरून पळत आली होती आणि तिचा सायलेन्सर तापून लाल व्हायच्या बेतात होता. बाईंनी भजं त्याच्यावर दाबून पिळलं.

चर्रर्र! पांढऱ्या धुराचा लोट उठला.

चढाच्या मध्यावर उभा राहणारा भक्त इतक्या दिवसांच्या सवयीनं बेंबीच्या देठापासून ओरडला, "ओ मामा! धूर! धूर निघायलाय! थांबवा!"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाबा," सिंधुबाईंनी विचारलं, "ही फटफटी कुनाची सून हो?"

मग मात्र निंबाखाली असा हशा उसळला, की झाडावरचे कावळे उडाले.

"लागन झाली!" बाबा घाम पुसत ओरडले. "खवीसानं ह्या गाडीतून त्या गाडीत उडी मारली! आता मी मंतर म्हनतो..."

"मंतर म्हनायचा न्हाई," बाईंनी बोट नाचवलं. "फुंकायचं न्हाई, पाना आपटायचा न्हाई. तोंडावर बोट. समदे नुसतं बघत ऱ्हावा."

आणि काय सांगावं, अख्ख्या गर्दीनं तोंडावर बोट ठेवलं. साहेबांनीही ठेवलं. नवरदेवानंही ठेवलं. सायलेन्सरवरून धूर येत राहिला, मग विरळ झाला, मग एक शेवटचा भपका सोडून बंद पडला. मंत्र नाही, अंगारा नाही, तरी खवीस गेला.

आता मारोतीला धीर आला. भक्तांना खांद्यानं सारून त्यानं बॉनेट उघडलं आणि आत वाकला. वर आला तेव्हा त्याच्या चिमटीत बेसनाचा एक करपलेला तुकडा होता. "सायलेन्सरच्या नळावर चिकटला होता, बाई. नळ तेलानं माखलाय."

"म्हंजी खवीसानं ताटात उष्टं टाकलं जनू," कुणीतरी म्हणालं.

सिंधुबाईंनी शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. भजी खाईपर्यंत गाडी थंड होते. निघायच्या वेळी बाबाला सामील असलेल्या शिवप्पानं पाणी पाजायच्या निमित्तानं कढईतलं जुनं तेल इंजिनाजवळच्या नळावर ओतायचं. चढावर इंजिन जोर लावतं, नळ तापतो, तेल जळतं, धूर निघतो. गाडी थांबली आणि तेल जळून संपलं की धूरही संपतो. बाबांचा मंत्र तेवढाच लांब, जेवढं तेल. इंजिनाचं काळं तेल महाग पडतं म्हणून भज्यांचं वापरलं, आणि तिथंच खवीस घसरला. कुणी त्या नळावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं असतं तर तवंग दिसला असता. पण दुष्काळात धुरावर पाणी ओतायची कुणाची छाती होणार?

"मी पण तिथंच भजी खाल्ली होती," साहेब हळूच म्हणाले.

"मी बी!" एक टेम्पोवाला म्हणाला.

"आन म्या बी!" जिल्हा जुना असो की नवा, सगळे खवीस एकाच हॉटेलात जेवत होते.

बाबांनी पाना कफनीत खुपसला आणि फटफटीवर उडी मारली. किक मारली, सुरू होईना. पुन्हा मारली, खोकून गप्प. गाड्यांची भुतं काढणाऱ्याला स्वतःची गाडी चालू करता येईना. दोघे भक्त मागून ढकलू लागले. तशी ती उतारावर लागली, आणि सारी गर्दी बरोबरीनं पळत ओरडू लागली, "ओ बाबा! चाक हालायलंय! धूर निघायलाय! थांबवा, न्हाईतर भडका उडतोय बघा!" साहेब सगळ्यांच्या पुढं होते.

निंबाखाली लग्नाची मंडळी तेवढी उरली. हसू ओसरल्यावर सिंधुबाई विठाबाईंकडं वळल्या.

"इहीणबाई, तुमची हीर कधी आटली?"

"दिवाळीच्या आधी."

"तवा तारामती कुठं होती?"

विठाबाई पुटपुटल्या, "मुखेडात."

"मुखेडात पाय ठिवून औशाची हीर आटवायला तिचे पाय तेवढे लांब न्हाईत. पाऊस झाला न्हाई म्हनून हीर आटली. तुमची बी, आमची बी."

विठाबाईंची नजर आपोआप सुनेच्या पायांकडं गेली आणि तिथंच खिळली. तारामती अजून अनवाणी उभी होती. कुणी चपला घाल म्हटलं नव्हतं, म्हणून तिनं घातल्या नव्हत्या. ती एक पाऊल उचलून दुसऱ्यावर ठेवत होती आणि तळवे लाल झाले होते.

"अगं माझे बाई," विठाबाई म्हणाल्या. "मघापासनं समदे हिचा पायगुन बघायलोत, आन पाय पोळायलेत ते कुनालाच दिसलं न्हाई."

त्यांनी गाडीतली पाण्याची कळशी मागितली. औशापर्यंतचं तेवढंच पाणी होतं. शेषेरावांनी कळशी आणून दिली. विठाबाईंनी तिला सावलीत बसवून ते पाणी हळूहळू तिच्या पायांवर सोडलं. व्यंकटनं चपला आणून पुढं ठेवल्या आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"आत्याबाई," तारामती पदराआडून हळूच बोलली, "पुड्यात एखादं भजं उरलंय का? सकाळपासनं पोटात काही न्हाई."

विठाबाईंनी अख्खा पुडाच तिच्या ओटीत टाकला.

एवढीच गोष्ट. ते निंबाचं झाड अजून तिथं आहे आणि असे बाबा अजून सगळ्या रस्त्यांवर आहेत. कुणी खिडकीत तोंड घालून धूर धूर ओरडू लागलं, तर थांबा, उतरा, पण हात जोडू नका. त्या हातांनी आधी बॉनेट उघडा. धूर निघाला तर तो कशाचा ते बघा, नाकानं वास घ्या, शेजाऱ्याला विचारा, तरी कळलं नाही तर मिस्त्रीला दाखवा. आणि कुणी लेकीबाळीच्या पायांकडं बोट दाखवलं, तर त्या पायांखाली रस्ता तापलेला आहे का, हे पहिल्यांदा बघा.