शेवटचा आकडा

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. नदीवरच्या होडीच्या धक्क्याला उभी असते. मित्रांनो, माझा गंज पाहून नाकं मुरडू नका. इतकी वर्षं उन्हापावसात काढली असती, तर तुमचंही काही वेगळं झालं नसतं.

आमचं गाव एवढंसं. तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला टेकडी. वरची आळी टेकडीला टेकलेली आणि खालची अगदी पाण्याला लागून. पण नगरपालिका आहे, म्हणून गावाची मान ताठ. माझ्यावर वर गावाचं नाव आणि खाली लोकसंख्या. मूल जन्मलं की सुईण रस्त्यातूनच पेंटरला हाक मारायची, "एक वाढव रे." मग बाळाचा आकडा बघायला अख्खं घर यायचं आणि मी फुशारून जायचे. कोणी गेलं, की पेंटर न बोलवता येऊन आकडा कमी करायचा. मात्र देह पाहिल्याशिवाय कोणाला कमी करायचं नाही, ही गावाची रीत होती.

एका वर्षी नदी खालच्या आळीत शिरली. पेंटरची बायको शेजारच्या म्हातारीला बाहेर काढायला गेली. म्हातारी वाचली. बायको सापडलीच नाही. पेंटरने तिला कमी केलं नाही आणि कोणी त्याला विचारलंही नाही.

तेव्हापासून धुकं उतरलं की माझ्याखाली कोणीतरी येऊन उभं राहतं. धक्क्याच्या फळ्यांवर पाणी ठिबकत राहतं. ती वर बघते, आकडा वाचते आणि निमूट परत जाते. आधी मला तिची फार भीती वाटायची. मग कळलं, आपण अजून गावात आहोत ना, एवढंच बघायला ती येते.

परवा पेंटरची लेक त्याला हाताला धरून घेऊन आली. तो आता थकलाय.

"बाबा, आईला किती वर्षं धरून ठेवणार? जाऊ द्या आता तिला."

"आणि ती आली तर?"

लेकीने सोबत आणलेलं स्टूल माझ्याखाली ठेवलं. तो स्टुलावर चढला. शेवटचा आठ पुसला. सात लिहायला ब्रश उचलला आणि तसाच खाली उतरला.

"उद्या लिहितो," म्हणाला. तो उद्या अजून उगवलेला नाही.

मित्रांनो, माझा गंज काढू नका, मला रंगही देऊ नका. पण त्या रिकाम्या जागेवर आठ किंवा सात, काहीतरी लिहा. काल धुकं पडलं तेव्हा ती आली होती. खूप वेळ वर बघत राहिली. ती अजून परत गेलेली नाही.