गच्चीवरचे डबे

आमच्या केमिकल कारखान्यातला कामगार दामाजी रिअॅक्टरच्या तोंडाशी पावडर ओतता ओतता कोसळला, तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क घट्ट बांधलेला होता. त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात पाठवलं आणि मी तडक स्टोअर गाठलं. सकाळीच तो मला म्हणाला होता, "आनंदसाहेब, मना मास्कमधनं बी वास येतंय." मी त्याला उडवून लावलं होतं. कालच तर त्याने मास्कला नवा डबा लावला होता.

"शिवराम, दामाजीला कुठला डबा दिलास?"

स्टोअरकीपर शिवराम मला गच्चीवर घेऊन गेला. कोळशाचे चौदा डबे कठड्यालगत उन्हात मांडले होते, पापड वाळत घालावेत तसे. हे डबे मास्कला लावायचे. विषारी वाफ आतल्या कोळशाला चिकटते, माणसाला स्वच्छ हवा मिळते. कोळसा भरला की डबा फेकायचा. भरलेला कोळसा दिसतो मात्र नव्यासारखाच काळा.

"वापरलेले आहेत हे?"

"हो. दोन दिवस कडक ऊन दाखवलं की परत देतो."

माझं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, माणसं मारायचीत का तुला? कोणी शिकवलं हे?" मी एक डबा लाथाडला.

"तुम्हीच की, साहेब. सेफ्टी वीकला."

एकोणनव्वद साली मी कामगारांपुढे मोठ्या ऐटीत फळा भरला होता. कोळसा वाफ पीत नाही, अंगावर धरून ठेवतो. जागा संपली की संपलं. तापवला की धरलेलं सोडून देतो. किती तापवायचा, तर भट्टीत, सात-आठशे अंशांवर, हे सांगायच्या आधी वडापाव आले आणि मी खडू ठेवला. नवे डबे मागितले की मॅनेजर खेकसायचा, त्यामुळे शिवरामला माझं अर्धं शिकवणं सोयीचं पडलं. मला दोघांचाही संताप आला होता. सगळ्यात जास्त स्वतःचा.

हॉस्पिटलात दामाजीला ऑक्सिजन लावला होता. बायको मंजुळा कोलशेतहून धावत आली होती.

"मास्क घातलेला ना त्यानं?"

"घातला होता. डबा निकामी होता. सकाळी त्याने मला सांगितलं होतं, वास येतोय म्हणून."

"मंग?"

"मी म्हणालो, तुला भास होतोय."

मंजुळाने त्याच्या कपड्यांच्या पिशवीतून मास्क काढला आणि माझ्या छातीवर आदळला.

"घाला आता तुमी!"

मी तो तोंडाला लावला आणि श्वास घेतला. वास येत होता.