सेहरीची सवय

हणमंतराव गादी न्यायला आले, तेव्हा सलीम पिंजारी त्याच गादीवर झोपलेला होता. अर्धे टाके घालून झाले होते, मोठी सुई बोटांत तशीच अडकलेली होती. शेजारी कापसाच्या ढिगात त्याचा एक वर्षाचा नातू अनस बसला होता आणि मूठमूठ कापूस स्वतःच्या डोक्यावर टाकत होता. ती गादी हणमंतरावांच्या मुलीच्या आंदणातली. दुसरं कुणी असतं तर त्यानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. हणमंतराव भला माणूस. त्यांनी आधी पोराच्या तोंडातला कापूस काढला आणि मग सलीमला हलवलं.

"सलीमभाई, नवरीच्या आधी तुम्हीच निजून पाहिलं व्हय?"

सलीम ओशाळला. संध्याकाळपर्यंत गादी घरपोच देतो म्हणाला. जाता जाता हणमंतरावांनी बजावलं की, गादीवर डोळा लागला तर ठीक, त्या पिंजायच्या मशीनवर लागला तर हात जाईल. सलीमनं मान हलवली. गेल्याच आठवड्यात मशीननं त्याच्या सदऱ्याची बाही खेचली होती. कफ फाटून गेला आणि हात वाचला. तो सदरा त्यानं कुणाला दिसू नये म्हणून कापडाच्या चिंध्यांत घातला होता.

उदगीरची निम्मी झोप सलीमच्या हातची. लग्नाच्या गाद्या, बाळंतिणीच्या दुलया, म्हाताऱ्यांच्या उशा, सगळं त्याच्याच दुकानातून जायचं. तोच माणूस ईदेपासून एक रात्र धड झोपलेला नव्हता.

चूक झाली ती रमजानमध्ये, आणि मोठ्या कौतुकानं झाली. त्याची मुलगी कहकशां तेव्हा घरी होती. नाव साबेरानं ठेवलेलं. साबेरा म्हणजे सलीमची बायको. ती दोन वर्षांपूर्वी वारली. कहकशांच्या नवऱ्यानं ती पोटुशी असताना तिला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. नर्सिंगचं शेवटचं वर्ष तेव्हाच अर्धवट राहिलं होतं. तर रमजानच्या पहिल्याच सेहरीला, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या खाण्याला, गल्ली जागी झाली, भांडी वाजली, भोंग्यावरून पुकारा झाला आणि अनसही डोळे चोळत उठून बसला. एरवी त्याला थोपटून परत निजवलं असतं. पण घर जागंच होतं. सलीमनं त्याला जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर मांडीत घेतलं आणि दुधात कुस्करलेला खजूर बोटानं चाटवला. पोरगं टाळ्या पिटायला लागलं. नाना-नातू मिळून रोजा धरतात म्हणून शेजारच्या बाया बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही, तर सलीमनंच त्याच्या तळपायाला गुदगुल्या करून त्याला उठवलं. अख्खा महिना हेच चाललं. दस्तरखान उचललं की कहकशां त्याला पदराखाली घ्यायची आणि तो पुन्हा झोपी जायचा.

मग ईद झाली. कहकशांला कॉलेजनं शेवटची संधी दिली होती. यंदा परीक्षा दिली नाही तर सगळं पहिल्यापासून. तिनं पोराचं दूध तोडलं, दोन दिवस स्वतः तापानं फणफणली आणि नांदेडला वसतिगृहात गेली. गल्ली पुन्हा रात्रीची झोपायला लागली. अनसला मात्र रमजान संपल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

तो बरोबर सेहरीला उठायचा. आधी अंधारात बसून राहायचा, मग आई जिथं निजायची ती जागा हातानं चाचपायचा, मग दाराकडं बघायचा आणि मग रडायला सुरुवात करायचा. सलीम त्याला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायचा. एकदा उठलेलं पोर दुपारपर्यंत डोळ्याला डोळा लावत नसे. दुपारी ते झोपायचं तेव्हा सलीम मशीनवर असायचा, कारण सराई होती आणि लग्नाच्या गाद्या थांबत नाहीत.

उपाय काही कमी झाले नाहीत. शेजारच्या गौरम्मानं जायफळ उगाळून दिलं. मौलवीसाहेबांनी पाणी फुंकून दिलं. डॉक्टर म्हणाले, सवय आहे, दिवा लावू नका, उचलू नका, रडू द्या, आपोआप सुटेल. सलीमनं एक रात्र रडू दिलं. पोराचा आवाज बसला, ओठ निळे पडल्यासारखे दिसले आणि सलीमनं त्याला असं काही उराशी धरलं की डॉक्टर पुन्हा काही सांगतील म्हणून त्यांच्याकडं जाणंच सोडलं. गौरम्मा दुपारी घटकाभर पोराला सांभाळायची, पण तिचे गुडघे गेलेले आणि घरी अंथरुणाला खिळलेले तिचे यजमान चंद्रप्पा. तिच्याकडून आणखी काय मागणार? एकदा बोलता बोलता तिनं सांगितलं की, तिच्या सासूच्या काळात बाया शेतावर जाताना लेकराला अफूचा कण चाटवायच्या. दिवसभर लेकरू हूं की चूं करायचं नाही. सलीमनं कानाला हात लावला. पण ती गोष्ट त्याच्या डोक्यात दोन रात्री घर करून राहिली, हे खरं.

आणि एका रात्री त्यानं हात उगारला. दिवसभर त्यानं गाद्या उचलल्या होत्या, पाठ मोडल्यासारखी झाली होती आणि पोर काही केल्या थांबत नव्हतं. हात वर गेला तसा अनस रडायचा थांबला. नाना खेळतोय असं त्याला वाटलं. त्यानंही आपला हात वर केला आणि हसला. सलीम भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. साबेरा गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

कहकशां रोज संध्याकाळी फोन करायची. पोराला बघायचं असायचं म्हणून व्हिडिओ. सलीम फोन पोरासमोर धरायचा आणि स्वतः मागं राहायचा. अब्बा, तुम्ही दिसत नाही, म्हणाली की, मला काय बघती, त्याला बघ, असं म्हणून टाळायचा. आरशात त्यानं आपले डोळे पाहिले होते. ते तिनं पाहिले असते तर पुढच्या एसटीनं ती घरी आली असती. सलीमला झोपेपेक्षा त्याच एका गोष्टीची भीती होती. नवऱ्यानं टाकलेली पोर, हाती कागद नाही, बाप आज आहे उद्या नाही. तिनं या दुकानात बसून उशांच्या खोळी शिवत म्हातारं व्हावं, हे त्याला बघवलं नसतं.

पोराला घेऊन पहाटेचं जायचं कुठं, तर स्टेशनवर. तिथं दिवे असतात, माणसं असतात, रडण्याला कुणी हरकत घेत नाही आणि इंजिन दिसलं की अनस गप्प व्हायचा. त्या हात उगारलेल्या रात्रीनंतरही सलीम त्याला घेऊन तिथंच गेला. बाकावर बसला, पोराला मांडीवर घेतलं, गार वारा सुटला होता. त्याला जाग आली ती मांडी रिकामी लागली म्हणून.

तो कसा पळाला ते त्यालाही नंतर सांगता आलं नसतं. बाकाखाली पाहिलं, रुळांकडं पाहायची हिंमत झाली नाही, तरी पाहिलं. फलाटाच्या टोकाला चहा विकणारी साखराबाई उभी होती आणि तिच्या कडेवर अनस होता. तिच्या बांगड्यांशी खेळत होता.

"कडेपशी गेला व्हता रांगत रांगत," ती म्हणाली. "गाडी यून राहिली व्हती चाचा. मी तिकडं बघितलं नसतं तर?"

सलीम तिथंच फरशीवर बसला. साखराबाईनं विचारलं, घरात बाईमाणूस कुणी नाही का? त्यानं सांगितलं, पोराची आई आहे, नांदेडला शिकते.

"मग बोलवा की तिला. शिक्षण कुठं पळून चाललंय का? लेकरू गेलं म्हंजी मग?"

तिचं काही चुकत नव्हतं. सलीमला ते पटलं. हरलो, असं त्यानं मनाशी कबूल केलं आणि तिथंच बसून फोन लावला. आपल्याच्यानं होत नाही, ये, एवढंच सांगायचं होतं. कहकशांनं पहिल्याच घंटीला उचलला. तीही जागीच होती. मागं कुणीतरी मोठ्यानं पाठ करत होतं.

"अब्बा? एवढ्या सकाळी? अनस बरा हाय ना?"

सलीमनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती घाईनं म्हणाली की, पेपर उद्यापासून सुरू, रात्रभर सगळ्या पोरी वाचत बसल्यात, आणि या वेळी येतंय अब्बा, खरंच येतंय, सगळं लक्षात राहून राहिलंय. तिच्या आवाजात असा आनंद त्यानं नवऱ्यानं सोडल्यापासून ऐकला नव्हता.

"बरा हाय," सलीम म्हणाला. "तेच सांगाया लावला. झोपलाय."

"रात्रीचा उठतो का अजून?"

"न्हाई. सोडलं त्यानं ते."

साखराबाईच्या कडेवरून अनस काहीतरी ओरडला. सलीमनं फोनवर पंजा दाबला आणि पाठ फिरवली. फोन ठेवल्यावर साखराबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं एक कप चहा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि पोराला आपल्याजवळच बसवून घेतलं. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सलीम बाकावर बसायचा तेव्हा साबेराची जुनी ओढणी घेऊन जायचा. एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं आपल्या मनगटाला. लोक हसायचे. परीक्षा संपेपर्यंतचे दिवस त्यानं असे काढले. एकदा मशीनवर करंगळीची कातडी सोलली गेली, गौरम्मानं हळद दाबली, आणि फोनवर त्याबद्दल अवाक्षर निघालं नाही.

कहकशां आली ती दिवेलागणीला. एसटी स्टँडवरून चालतच आली, पिशवी ओट्यावर टाकली आणि दोन्ही हात पसरले. अनस सलीमच्या पायजम्याला धरून मागं लपला. ती हसली. विसरला व्हय रे अम्मीला, म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना की रडू, ते तिचं तिलाच कळेना. सलीमनं तिला समजावलं की, पोरंच ती, दोन घटकांत ओळखतात. पेपर चांगले गेले होते. एका दवाखान्यात तिला नोकरी ठरल्यासारखी होती, नांदेडलाच. एक खोलीही पाहून ठेवली होती. पंधरवड्यात पोराला घेऊन जाईन म्हणाली. तुमच्या जिवाला आराम पडेल अब्बा. जेवताना तिनं बापाच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवला. सलीम म्हणाला, सराईचं काम असतं, दुसरं काय.

त्या रात्री पोर आईजवळ आत निजलं आणि सलीमनं आपली वळकटी अंगणात पसरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या शेजारी कुणी नव्हतं. आता झोपायचं, उद्या दुकान उशिरा उघडायचं, असं म्हणत तो आडवा झाला आणि त्याला गाढ झोप लागलीही.

सेहरीच्या वेळेला त्याचे डोळे आपोआप उघडले. आत अनस उठला होता. कहकशांचा आवाज येत होता. ती त्याला जवळ घेत होती, पाणी पाजत होती, काहीतरी गुणगुणत होती. पोर रडत होतं. सलीमला वाटलं, आता गप्प होईल, आता आई आहे. ज्या जागेवर ते रोज हात फिरवून बघायचं, त्या जागेवर आज ती आहे. पण रडणं वाढत गेलं आणि मग त्या रडण्यातून शब्द फुटला. "ना... ना..."

इतके दिवस पोर आईला शोधत उठतं असं सलीम धरून चालला होता. ते शोधणं कधी बदललं, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

दार वाजलं. कहकशांच्या हातून सुटून अनस उंबऱ्यावरून उतरला आणि फरशीवर तळवे आपटत अंगणात आला. ती दारातच थांबली. सलीमला ती दिसत नव्हती. पण ती तिथं चौकट धरून उभी आहे, हे त्याला कळत होतं. हात पुढं केला असता तर पोर क्षणात छातीवर येऊन निजलं असतं. सलीमलाही तेच हवं होतं, अगदी जिवापासून हवं होतं. पण पंधरवड्यानं नांदेडच्या खोलीत हा हात असणार नव्हता.

त्यानं डोळे मिटून घेतले आणि झोपलेल्या माणसासारखा श्वास सोडायला लागला.

अनसनं त्याच्या गालावर थापट्या मारल्या. दाढी ओढली. नाक धरलं. मग एक बोट घेऊन त्यानं नानाची पापणी वर करायचा प्रयत्न केला. सलीमनं पापणी घट्ट धरली. पोर जरा वेळ वाट बघत बसलं आणि मग त्यानं असा हंबरडा फोडला की शेजारच्या गौरम्माच्या घरात दिवा लागला. कहकशां पुढं आली आणि तिनं त्याला उचललं. ते तिच्या हातात लाथा झाडत होतं, मागं वाकून नानाकडं हात पसरत होतं. ती त्याला आत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

बराच वेळ आतलं रडणं चालू राहिलं. मग हुंदके लांबत गेले, मधूनमधून येऊ लागले, आणि शेवटी तिचं गुणगुणणं तेवढं उरलं. मशिदीवरून फजरची, पहाटेच्या नमाजाची अजान झाली. सलीमची ही नमाज साबेराच्या मयतीच्या दिवशीही चुकली नव्हती. पण नळावर हातपाय धुवून वजू करायचं तर पाणी वाजलं असतं, आणि आत पोराला नानाची चाहूल लागली असती.

तो उठला नाही. उजाडेपर्यंत तसाच पडून राहिला.