राघोत्तमरावांचं चॅनेल

अण्णा नगरात राघोत्तमरावांनी टॅक्सी कंपनी काढली, तेव्हा त्यांना गाड्यांपेक्षा वायरलेसचाच अभिमान जास्त. ऑफिसात बसून माइकचं बटण दाबायचं आणि पार एन्नोरच्या ड्रायव्हरला हुकूम सोडायचा, या सुखापुढे त्यांना जेवणाचीही आठवण राहत नसे.

मग जवळच्या बंगल्यात एका सिनेमाचं शूटिंग सुरू झालं. त्यांच्याकडेही वायरलेस. त्यांचा आवाज केव्हा घुसेल याचा नेम नाही. गिऱ्हाईक घेऊन विमानतळाकडे निघालेल्या नागोजीला भर रस्त्यात ‘मागे फिरा, पुन्हा एकदा’ ऐकू आलं, आणि त्याने इमानेइतबारे गिऱ्हाइकाला घरी आणून सोडलं. विमान गेलं, गिऱ्हाईकही गेलं.

राघोत्तमरावांनी मेकॅनिक आणला. तो असेपर्यंत वायरलेसचा सेट गाईसारखा गरीब. त्याची पाठ वळली की पुन्हा शूटिंग सुरू. सेटला चॅनेलं दोनच. रावांनी एक सोडून दोन धरलं. आवाज तिथेही आला. ते एकवर परतले, तर आवाजही पाठोपाठ. कुणीतरी आपल्यावर डूख धरून आहे, अशी त्यांची खात्री झाली. बायको अलमेलू म्हणाली, भांडायचंच तर समोर जाऊन भांडा.

ते तणतणत गेले. सिनेमाचा मॅनेजर नारायणस्वामी त्यांच्याहून तापलेला होता. नायिका प्राण सोडत असताना दिग्दर्शकाच्या वायरलेसमधून शोळिंगनल्लूरच्या गिऱ्हाइकाच्या ट्रंका मोजल्या गेल्या, आणि मेलेली नायिका हसली होती. तुम्हाला चुकवायला आम्ही चॅनेल बदलतो, तर तुम्ही तिथेही हजर, असं उलट तोच म्हणाला. दोघंही एकमेकांपासून पळता पळता एकाच बिळात शिरत होते.

कॉफी झाली. ठरलं, की टॅक्सीने एकवर राहायचं, सिनेमाने दोनवर.

ऑफिसात येताच रावांनी सेट दोनवर लावला.

“अहो, शब्द दिलात ना?” अलमेलूने विचारलं.

“सिनेमावाले शब्द पाळतात होय? ते एकवरच बसणार बघ.”

आवाज खरोखरच बंद झाला. महिन्याभराने नारायणस्वामी मैसूरपाक घेऊन आला. दोनवर ठीक चाललंय ना, असं अलमेलूने मुद्दामच विचारलं. तो ओशाळला.

“खरं सांगतो, अम्मा. टॅक्सीवाले एकवर थोडेच थांबणार, असं वाटलं. म्हणून आम्ही एक सोडलंच नाही.”

राघोत्तमरावांनी मोठ्या मनाने त्याला क्षमा केली, दिलेल्या शब्दाला जागण्याचं महत्त्व समजावून सांगितलं, आणि मैसूरपाकाची आणखी एक वडी उचलली. अलमेलू उठून आत गेली.