मंद्रूपचं बोलणारं पोट

मंद्रूपच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा पोटदुखीला जास्त गर्दी होती. मांडवात लाऊडस्पीकर लावला होता, सतरंजीवर बायाबापड्या पोट धरून बसल्या होत्या आणि मधोमध पाटावर पोटदेव महाराज विराजमान झाले होते. महाराजांचं खरं नाव गुंडा. पण ते उच्चारायची आता कुणाची छाती नव्हती.

महाराजांच्या हातात तांब्याची वाटी होती. तिच्यातून निघालेली काळी वायर थेट लाऊडस्पीकरला गेली होती. या वाटीला ते ‘देवाचा कान’ म्हणत. ती रोग्याच्या पोटावर टेकवली, की आतली बाधा स्वतःच्या तोंडाने बोलायची.

“कोन हाय आत? बोल!”

लाऊडस्पीकरमधून घुमत आवाज आला. गुर्रर्र... गुडगुड... गुर्रर्र.

“अगं बया!” गर्दी दोन पावलं मागे सरकली आणि लगेच चार पावलं पुढे आली.

पुढचा नंबर प्रियंकाचा होता. सासू तानाबाईने तिला दंडाला धरून पुढे बसवलं. कुणीतरी तिच्या जिभेवर चिमूटभर विभूती टाकली आणि वरून पेलाभर आंबट तीर्थ पाजलं. विभूती खारट लागली, भज्यांच्या पिठात घालतात त्या सोड्यासारखी. प्रियंकाच्या ते ध्यानात आलं. पण बोलायचं म्हणजे तोंड उघडायचं, शब्द शोधायचे. तिने तेवढंही केलं नाही.

गेले कित्येक महिने तिचं असंच चाललं होतं. थंडीत ताप आला, खोकला हटेना. दुकानातून गोळ्या आणल्या, गुण येईना म्हणून आणखी कडक आणल्या, त्या संपल्यावर तिसऱ्या आणल्या. ताप गेला. पण पोट फुगायला लागलं, कधी ढाळ तर कधी काहीच नाही. मग चव गेली. मग झोप गेली. आणि एक दिवस लेक धावत येऊन गळ्यात पडली, तर प्रियंकाला भिंतीला कुणी टेकल्यासारखं वाटलं. दुःखही झालं नाही. दुःख व्हायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

“घरचं हाय का भाईरचं?” महाराजांनी वाटी तिच्या पोटावर दाबली आणि दुसऱ्या तळव्याने बेंबीखाली हलकेच चेपलं. पोट गुरगुरलं.

“भाईरचं! कायतरी पाजलंय हिला. दूध? बोलत न्हाय. ताक?”

गुर्रर्र.

“ताक! रोज ताक पाजनारी कोन हाय?”

“निंगव्वा!” तानाबाई किंचाळली. “शेजारची निंगव्वा देती की!”

महाराजांनी कानाला हात लावला. “नाव म्या घेतलं न्हाय हां. तुमच्या तोंडून देवानंच वदवलं.” आणि हुकूम सोडला, “आतलीला उपाशी मारा. भाकरी न्हाय, डाळ न्हाय, ताक तर बिलकूल न्हाय. फकस्त माजं तीर्थ. आन डाक्टरची पायरी चढलात तर मी जबाबदार न्हाय.”

रांगेत उभं असताना तानाबाईने महाराजांच्या माणसाला सुनेची सगळी कहाणी ऐकवली होती, ताकासकट. ते तिच्या आता लक्षातही नव्हतं.

निंगव्वा एकटी बाई. एक म्हैस, तिचं दूध आणि ताक, एवढाच तिचा संसार. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली आणि तिच्या पत्र्यावर दगड पडायला लागले. कुणी तिचं दूध घेईना. एका सकाळी गोठा रिकामा होता, कुणीतरी म्हैस सोडून दिली होती. निंगव्वा दारात उभी राहून गर्दीला सांगत होती, “मी पोरीला पोटच्या लेकीवानी ताक दिलं. इचारा की तिला!”

तिने प्रियंकाकडे पाहिलं. प्रियंका उंबऱ्यात उभी होती. आता बोलायला हवं, हे तिला समजत होतं. पण समजणं आणि वाटणं यांच्यामधली वाटच कुठंतरी बुजली होती. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

तीर्थावर राहून राहून एक दिवस ती न्हाणीत कोसळली. मेंढरं घेऊन कित्येक दिवस बाहेर असलेला नवरा मल्हार त्याच दिवशी परत आला, तो तिला तशीच जीपमध्ये घालून सोलापूरला निघाला. तानाबाई शिव्या देत मागे बसली. सात रस्त्याजवळ डॉक्टर अर्शी बागवान यांचा दवाखाना होता. त्यांनी आधी सलाईन लावलं, मग शांतपणे सगळं विचारून घेतलं. देवाच्या कानाची हकिकत आली तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोपच्या नळ्या तानाबाईच्या कानात घातल्या आणि दुसरं टोक मल्हारच्या पोटावर ठेवलं.

“ऐका मावशी.”

तानाबाईचे डोळे विस्फारले. “आगं बया, माज्या ल्योकालाबी झपाटलं!”

“आता हे.” डॉक्टरांनी ते टोक तिच्याच पोटावर ठेवलं.

“माज्याबी पोटात हाय?”

“माझ्याही आहे. जिवंत माणसाचं पोट बोलतंच. अन्न पुढं सरकतं, वायू होतो, त्याचा आवाज असतो. विभूती म्हणजे खायचा सोडा आणि तीर्थ म्हणजे लिंबूपाणी असणार, ते एकापाठोपाठ पाजलं तर आणखी जोरात बोलतं. वाटीत माईक लपवला, की झाला देवाचा कान.”

“मंग ही अशी दगडावानी का झाली? ताकानंच ना?”

“ताकानं नाही. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. बरेचसे कामाचे असतात, अन्न पचवायला मदत करतात. तुम्ही डॉक्टरला न विचारता ज्या कडक गोळ्या दिल्यात, त्यांनी वाईटाबरोबर चांगलेही मारले असणार. म्हणून पोट बिघडलं. आणि पोटाचा मेंदूशी रोजचा संबंध असतो. मधून नस जाते, मनावर परिणाम करणारी रसायनं आतड्यातही तयार होतात. तिकडं बिघडलं की इकडं जाणवू शकतं. पण सगळंच दुखणं जिवाणूंच्या माथी मारायला मी काही महाराज नाही. हे शास्त्र अजून शोधतंच आहे. मनाच्या आजारावरही वेगळे उपचार लागतील, ते मनाच्या डॉक्टरकडं सुरू करू. आणि हिला पोटभर जेवू द्या. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी. सोसेल तसं ताक.”

ताक म्हटल्यावर तानाबाईने मान खाली घातली.

पुढच्या बाजारी मांडव तसाच भरला होता. महाराज नुकतेच शेंगापोळी हाणून पाटावर टेकले होते. मल्हार आणि प्रियंकाला घेऊन आलेली तानाबाई पाया पडायला वाकली आणि वाकल्या वाकल्या तिने त्यांच्या हातातली वाटी हिसकून त्यांच्याच ढेरीवर दाबली.

लाऊडस्पीकर गरजला. गुर्रर्र... गुडगुड... भुर्रर्र!

“कोन हाय आत? बोल की!” तानाबाई ओरडली. “कुनी पाजलंय महाराजांना?”

पोरं हसली, मग बाया हसल्या. झटापटीत वाटी खाली आपटली आणि आतून बोटाच्या पेराएवढा माईक वायरीला लोंबकळला. मल्हारने विभूतीची पुडी सगळ्यांसमोर महाराजांच्याच तीर्थाच्या पेल्यात ओतली. पेल्यातून फसफसून फेस वर आला. महाराज चपला न घालताच मांडवाच्या मागल्या बाजूने पसार झाले.

गर्दी हसत होती. मांडवाच्या कडेला निंगव्वा उभी होती, ती हसत नव्हती. तानाबाई तिच्यासमोर गेली. “दगुड मारनाऱ्यात मी पैली हुते. चुकलं माजं.”

“माजी म्हस गावली न्हाय अजून,” निंगव्वा म्हणाली.

हसणं थांबलं.

प्रियंका पुढे आली. औषधं सुरू होती, पोट थोडं थाऱ्यावर आलं होतं, मन अजून तसंच होतं. आत ना राग होता, ना आनंद. तिने लोंबकळता माईक हातात घेतला. लाऊडस्पीकरमधून तिचा आवाज सपाट, कोरडा बाहेर पडला.

“पोट बिघडलं तर डाक्टरला दाखवा. मन बिघडलं तरी दाखवा, त्यात लाज न्हाय. आपल्या मनानं गोळ्या खाऊ नका. कुनी तुमच्या दुखन्याला शेजारनीचं नाव दिलं, तर आदी पुरावा मागा. माजं पोट त्या दिवशी कायच बोललं न्हाय. बोलायचं मला हुतं. मी गप बसले.”