शिंपल्यांची रेघ

पत्र धावड्याला पोचायला बारा दिवस लागले. समुद्राकाठच्या सरकारी राखीव जंगलात रखवालीला गेलेला धर्मराज थंडीतापानं पडला होता आणि तिथं कोयनेलची गोळी मिळत नव्हती. त्याच्या आईबापानं, झुंबरबाई आणि पुंजारामनं, जालन्याच्या डॉक्टराकडून गोळ्या घेतल्या, मेणकापडात गुंडाळल्या आणि तिथंच आगगाडी धरली. मुंबईहून आगबोट, पुढं बैलगाडी. पाचव्या दिवशी दोघं खाडीवर उतरली.

जंगल पलीकडं दिसत होतं. खाडीत पाणी घोट्याएवढं. होडी चिखलात आडवी पडलेली.

"पाणी आलं की सोडतो होडी. दुपारपर्यंत बसा," नावाडी म्हणाला आणि जेवायला घरी वळला.

"पाणी न्हाई म्हणून तर जाता येतंय," झुंबरबाई नवऱ्याला म्हणाली. "हा येडा पाण्याची वाट पाहून राह्यला."

दोघं पात्रात उतरली. उन्हाळ्यातली पूर्णा त्यांनी जन्मभर अशीच ओलांडली होती.

मध्यावर घसा कोरडा पडला. झुंबरबाईनं गावाकडच्यासारखा वाळूत झिरा उकरला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली.

"खारट हाये हो."

पुंजारामच्या पोटऱ्यांना पाणी लागलं. त्यानं डोंगराकडं पाहिलं. पूर डोंगराकडून येतो. तिकडं ढगसुद्धा नव्हता. हे पाणी उलटं, खालून वर येत होतं. समुद्र दिवसातून दोनदा खाडीत चढतो आणि दोनदा उतरतो, हे धावड्याच्या माणसाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"जल्दी चल."

जंगल आलं, पण काठ आलाच नाही. झाडं चिखलातच उभी होती. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते आणि पाणी कमरेला आलं होतं.

"मागं फिरावं का?"

"मागं कुठं हाये आता?" पुंजाराम म्हणाला. "तू चढ झाडावर. माझा गुडघा वाकत न्हाई. गोळ्या तेवढ्या पोचव."

"मंग धर्माला काय सांगू? बापाला पाण्यात सोडून आले?"

तिनं वर पाहिलं. प्रत्येक बुंध्याला बारीक शिंपले चिकटले होते, सगळीकडं एकाच उंचीपर्यंत. त्यावर साल कोरडी. घरच्या विहिरीच्या दगडावर पाण्याची रेघ असते, अगदी तशी.

"पाणी इथवरच चढतं. त्याच्या वर गेलं म्हंजे झालं. पागोटं सोडा."

मेणकापडाची पुडी उजव्या मुठीत आवळून ती चढली. पागोट्याचा पीळ फांदीवरून टाकला, दुसरं टोक त्यानं काखेतून बांधलं. डाव्या हातानं आणि दातांनी ती ओढत राहिली. दोनदा तो घसरला, शिंपल्यांनी छाती फाटली. तिसऱ्यांदा फांदी हाताला आली.

पाणी रेघेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. पुंजारामचं पाऊल त्यात बुडलेलं होतं. दुपार कलत चालली होती. तिकडं पोरगा आहे की गेला, कुणास ठाऊक. झुंबरबाईनं पुडीची मूठ आणखी आवळली.

मग त्याच पाण्यावरून होडी आली.

"बसा म्हटलं होतं ना," नावाडी म्हणाला.

"बसलोच हाव की," पुंजाराम फांदीवरून म्हणाला.

झोपडीत धर्मराज चटईवर थडथडत पडला होता. झुंबरबाई त्याच्याजवळ बसली. तिला मूठ उघडता येईना. बोटं ताठली होती. धर्मराजनं डोळे उघडले. आईचा हात आपल्या छातीवर ओढून घेतला आणि तापल्या हातानं तिचं एकेक बोट सोडवू लागला.