अकरावी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे हं, नगरसभेच्या सभागृहातली अकरावी! सुताराने आम्हा अकरा बहिणींना एकाच लाकडातून घडवलं. माझा हात जरा वाकडा झाला, म्हणून मला टोकाला, खिडकीशी ठेवलं. तिथून नदी दिसायची आणि तिला अडवणारी दगडी भिंतही.

तेव्हा साऱ्या शहराची मतं एकत्र मोजत. पक्षाला दर अकरा मतांमागे एक मिळालं, की अकरांतली एक खुर्ची. दोन मोठ्या पक्षांना पाच-पाच मिळायच्या आणि मी जायचे एका चिमुकल्या पक्षाकडे. त्यांचे गवंडीकाका माझ्यावर बसायचे.

पाचास पाच अडले, की दोघेही काकांकडे धावत. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे माझे धरायचे! काकांचं दरवर्षी एकच, "आधी भिंतीचे सांधे भरा, मग मी हात वर करतो." सांधे भरले जायचे. लोक मला शहाणी खुर्ची म्हणत. मी फुगायचे, खोटं कशाला बोलू?

तेच मोठ्यांच्या डोळ्यांत खुपलं. एरवीचे साप-मुंगूस एक झाले आणि दहा हातांनी नवी रीत ठरली. शहराचे अकरा भाग. ज्या भागात जो पहिला, त्याची खुर्ची. काकांची माणसं तर शहरभर विखुरलेली. मतं पूर्वीइतकीच पडली, पण काका कुठेच पहिले आले नाहीत. एका मोठ्या पक्षाला सहा खुर्च्या मिळाल्या, दुसऱ्याला पाच. आता कोणाचे पाय धरायची गरजच उरली नाही.

माझ्या जागी गादीची खुर्ची आली. शिपाई मला उचलत होता, तेव्हा काका दारातून ओरडले, "अहो, भिंत पोकळ वाजतेय! आत्ताच हातोडीने ठोकून आलोय."

"काका, तुम्हाला आता इथे बोलता येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मतं तर तेवढीच पडली ना मला?"

"पडली हो. मोजायची रीत बदलली."

सगळे हसले. सहा हात वर झाले आणि भिंतीचं काम रद्द झालं. मला तळघरात टाकलं, नदीच्या बाजूला.

मित्रांनो, मला फार भीती वाटते. रीत बदलते तेव्हा कोण जिंकलं एवढंच पाहू नका. कोणाचं तोंड बंद झालं, तेही विचारा. आणि जरा लवकर विचारा. वर सभेत टाळ्या वाजताहेत, आणि इथे सकाळपासून माझे चारही पाय पाण्यात आहेत.